२० तारखेपर्यंत, वेळेत, शेवटी : निळ्या पुस्तकातले सोळा पाठ

‘२० तारखेपर्यंत १,२०० नग पाहिजेत, मेल टाक.’ साहेबांनी जाता जाता एवढंच सांगितलं. मी कोइमतूरच्या फाउंड्रीला, म्हणजे आम्हाला ओतीव भाग पुरवणाऱ्या कारखान्याला, मेल टाकला. इंग्रजीत लिहिलं, ‘वी नीड ट्वेल्व्ह हंड्रेड कास्टिंग्ज अन्टिल ट्वेंटिएथ.’ ‘पर्यंत’ म्हणजे अन्टिल, हे मला पाचवीपासून पाठ होतं. फाउंड्रीवाल्यांनी २० तारखेपर्यंत थोडे थोडे करून माल पाठवला. शेवटची गाडी तिथून निघाली २० तारखेला संध्याकाळी आणि नाशिकमधल्या सातपूरला आमच्या कारखान्याच्या गेटवर पोचली २३ ला. मधले दोन दिवस आमचं एक मशीन उभं होतं.

त्या माणसाशी नंतर फोनवर बोललो. तो म्हणाला, तुम्ही अन्टिल लिहिलं होतं, म्हणून आम्ही २० पर्यंत पाठवत राहिलो. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मला लिहायचं होतं ‘बाय ट्वेंटिएथ’. दोन अक्षरांचा शब्द आहे तो. त्या रात्री मला झोप लागली नाही. मशीन उभं राहिलं हे तर होतंच. पण गेली अकरा वर्षं मी असे मेल टाकतोय, मग त्यातले किती जण माझं वाक्य भलतंच समजून गप्प राहिले असतील, हा विचार डोक्यातून जाईना.

मी आयटीआय झालेला माणूस. निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, आणि आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. मशीनवरून परचेस-डिस्पॅचच्या टेबलावर आलो तो कामाच्या माहितीमुळे. इंग्रजी मागून, जसं जमेल तसं उचललं. शब्द मला येतात. ड्रॉइंग वाचता येतं, पार्टचं नाव, मटेरियलचा ग्रेड, सगळं येतं. अडतो तो या बारक्या शब्दांत : इन, ऑन, ॲट, बाय, फॉर, टू, ऑफ, फ्रॉम. म्हणून पुढच्या महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा अप्पा बळवंत चौकात दुकानदाराला सरळ विचारलं की प्रेपोझिशनसाठी काय देता. त्याने दोन-तीन पुस्तकं काढली आणि त्यातल्या एकावर हात ठेवून म्हणाला, हे घ्या, बाकीची परत येतात, हे येत नाही.

ते पुस्तक म्हणजे रेमंड मर्फी यांचं निळ्या कव्हरचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचं. पहिली आवृत्ती १९८५ ची. माझ्याकडे पाचवी आहे, ती २०१९ साली आली. मला पाच महिने लागले त्यातला माझ्या कामाचा भाग संपवायला. तेवढ्याबद्दलच लिहितो. काळ, आर्टिकल, पॅसिव्ह वगैरे बाकी पुस्तकावर बोलण्याइतका मी ते वाचलेलं नाही.

पुस्तकात १४५ युनिट आहेत. प्रत्येक युनिट समोरासमोरच्या दोन पानांवर संपतं : डाव्या पानावर समजावणं, उजव्या पानावर सराव. उत्तरं मागे. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला ही मांडणी फार मानवते. रात्री जेवण झालं की नऊ ते पावणेदहा मी एक युनिट घेऊन बसायचो, पान उलटावं लागायचं नाही, आणि उठताना काहीतरी पूर्ण झालेलं असायचं. घेताना एवढं मात्र बघा की ‘विथ आन्सर्स’ असं कव्हरवर लिहिलेली प्रत घ्या. उत्तरं नसलेली प्रतही मिळते, ती वर्गात शिकवणाऱ्यांसाठी ठीक आहे, पण घरी एकट्याने शिकणाऱ्याला तिचा उपयोग नाही. फूटपाथवर झेरॉक्स करून बांधलेल्या प्रती मिळतात, त्या घेऊ नका. छोट्या रेखाचित्रांमधून बराच मुद्दा सांगितलेला आहे आणि झेरॉक्समध्ये तीच आधी काळी होतात.

प्रेपोझिशनचा विभाग युनिट १२१ ते १३६, म्हणजे सोळा पाठ. मी तिथूनच सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी निराश झालो, कारण ज्या बाय-अन्टिलसाठी पुस्तक घेतलं होतं ते त्या सोळांत नव्हतंच. दोन दिवस शोधलं. ते आहे १२० मध्ये, आधीच्या विभागाचं शेवटचं युनिट. तसंच सिन्स आणि फॉर. ते थेट १२ व्या युनिटमध्ये, काळाच्या पाठांत आहेत. हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझा वेळ वाचला असता, म्हणून इथे सांगतो : मराठी माणसाने सुरुवात १२० पासून करावी, मग मागे जाऊन १२ करावं आणि त्यानंतर १२१ उघडावं.

असं का म्हणतो ते सांगतो. पुस्तक जगभरातल्या माणसांसाठी आहे. जपानी वाचतो, ब्राझीलचा वाचतो, मीही वाचतो. त्यामुळे आपण कुठे हमखास घसरणार हे त्याला माहीत नाही. आपण घसरतो ते आपल्याच शब्दांमुळे. मराठीत ‘पर्यंत’ हा एक शब्द आहे आणि इंग्रजीत त्याच्या जागी दोन आहेत. ‘शुक्रवारपर्यंत काम संपव’ आणि ‘शुक्रवारपर्यंत इथेच थांब’, ही दोन्ही वाक्यं आपण न अडखळता बोलतो, कारण क्रियापद काय आहे त्यावरून ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजी ते क्रियापदावर सोडत नाही. काम संपवायचं असेल तर बाय, थांबून राहायचं असेल तर अन्टिल. १२० व्या युनिटच्या डाव्या पानावर हा फरक स्वच्छ सांगितलाय. मी त्याच्या समासात पेन्सिलने माझी एक कसोटी लिहून ठेवली : ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघायचं. ‘२० तारखेच्या आत १,२०० नग’ हे बसतं, म्हणजे बाय. ‘शुक्रवारच्या आत इथेच थांब’ हे बसत नाही, म्हणजे अन्टिल. गेल्या सहा महिन्यांत ही कसोटी मला एकदाही चुकीची लागलेली नाही.

त्या दिवसापासून मी २०० पानी वही केली. डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे त्याच्या जागी येणारे इंग्रजी, एकाखाली एक. पुस्तकाचा खरा उपयोग मला या वहीमुळे झाला.

‘पासून’चं पान सगळ्यात आधी भरलं. ‘सोमवारपासून आजारी आहे’ याला सिन्स. ‘तीन वर्षांपासून इथे आहे’ याला फॉर, कारण तीन वर्षं ही सुरुवात नाही, ती लांबी आहे. ‘नाशिकपासून पुण्यापर्यंत’ याला फ्रॉम. शाळेत मला कोणीतरी पासून म्हणजे सिन्स असं सांगितलं आणि मी आयुष्यभर ‘सिन्स थ्री इयर्स’ लिहीत आलो. माझ्या बायोडेटातही तेच होतं. युनिट १२ वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी तो बायोडेटा दुरुस्त केला. नोकरी बदलायची नव्हती, तरी केला.

‘ने’चं पान तर आणखी मजेचं निघालं. बसने आलो : बाय बस. चाकूने कापलं : विथ अ नाइफ. ठेकेदाराने केलेलं काम : बाय द कॉन्ट्रॅक्टर. इथपर्यंत ठीक. पण ‘माझ्या गाडीने आलो’ म्हटलं की बाय चालत नाही, तिथे इन माय कार येतं. युनिट १२८ पूर्ण बायवर आहे आणि त्यातली ही गोष्ट मला पटायला दोन दिवस लागले. वाहनाचा नुसता प्रकार सांगायचा असेल तर बाय, ती एक ठरावीक गाडी असेल तर इन किंवा ऑन. आपण मराठीत प्रकार आणि वस्तू यांत हा भेद करतच नाही. मला वाटतं इंग्रजीचं अर्धं डोकं अशा भेदांत गेलेलं आहे.

आता इन, ऑन, ॲट. जागेसाठी हे तीन शब्द कसे येतात यावर १२३, १२४, १२५ अशी तीन युनिट आहेत. शाळेत शिकवलेलं सूत्र असं होतं : आत म्हणजे इन, वर म्हणजे ऑन, आणि ॲट म्हणजे… ॲट कधी कळलंच नाही. ॲटसाठी मराठीत वेगळा शब्द नाही म्हणून ते कळत नव्हतं, हे आता कळलं. आपण तिथे बहुतेक वेळा ‘वर’ म्हणतो. गेटवर, स्टॉपवर, स्टेशनवर, नाक्यावर. गाडी गेटवर उभी आहे हे मी वर्षानुवर्षं ‘द ट्रक इज ऑन द गेट’ असं लिहिलं. म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गेटच्या माथ्यावर चढलेला ट्रक! मराठीतला ‘वर’ नेहमी पृष्ठभाग सांगत नाही. कधी तो नुसता ठिकाण सांगतो, नकाशावरचा एक ठिपका. तो ठिपका म्हणजे ॲट. टेबलावर पृष्ठभाग आहे, म्हणून ऑन. गेटवर ठिपका आहे, म्हणून ॲट. पुस्तक ‘वर’बद्दल अर्थातच काही बोलत नाही, पण त्यातली चित्रं बघता बघता मला हे जुळलं.

आणि मग उलटंही दिसायला लागलं. ‘लग्नात भेटलो’, ‘मीटिंगमध्ये होतो’ याला आपण आत-मध्ये म्हणतो, आणि इंग्रजी तिथेही ॲटच घेते, कारण कार्यक्रम हा तिला ठिपका वाटतो. झाडावरचा पक्षी इन द ट्री असतो, कारण तो फांद्या-पानांच्या आत बसलाय. त्याच झाडावरचा आंबा मात्र ऑन द ट्री, कारण तो झाडाला लागलेला आहे. आपल्याला दोन्ही झाडावरच. आमची मुलगी सातवीत आहे, सेमी-इंग्रजीला. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘पप्पा, मग माकड?’ मी म्हटलं, माकडही इन द ट्री. तिने खिडकीतून समोरच्या गुलमोहराकडे बघत आणखी चार-पाच गोष्टी विचारल्या. पतंग अडकलाय तो? इन द ट्री. फुलं? ऑन. अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात तिला जे कळलं ते पुसलं जाणार नाही याची मला खात्री आहे.

सगळीकडे भांडणच आहे असं नाही, हे सांगणं मला फार गरजेचं वाटतं. युनिट १२२ मध्ये ऑन टाइम आणि इन टाइम यांतला फरक दिलाय. मोठमोठे साहेब यात गोंधळतात. मराठी माणसाला इथे काही पाठच करायचं नाही. ऑन टाइम म्हणजे वेळेवर. इन टाइम म्हणजे वेळेत. शब्दाला शब्द लावून बघा : ऑन म्हणजे वर, इन म्हणजे त. गाडी वेळेवर सुटली, म्हणजे ठरलेल्या मिनिटाला सुटली. आपण वेळेत पोचलो, म्हणजे उशीर होण्याआधी पोचलो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं आणि बायकोला आतून बोलावून दाखवलं. ती म्हणाली, ‘अहो, हे तर आपलंच आहे.’ मलाही अगदी तसंच वाटलं होतं.

त्याच युनिटच्या दुसऱ्या अर्ध्यात मात्र मराठी आपल्याला सोडून जाते. ॲट द एंड आणि इन द एंड. ‘महिन्याच्या शेवटी पैसे देतो’ आणि ‘खूप समजावलं, शेवटी तो तयार झाला’, आपल्याला दोन्हीकडे शेवटीच. पहिल्यात कशाचा तरी शेवट आहे, महिन्याचा, रस्त्याचा, सिनेमाचा, तिथे ॲट. दुसऱ्यात कशाचा शेवट असा नाहीच, ‘एवढं होऊन अखेर’ असा अर्थ आहे, तिथे इन. माझी खूण अशी की मागे ‘च्या’ असेल तर ॲट.

१२७ व्या युनिटमध्ये तर आपल्या सोयीचा खजिना आहे. रजेवर, संपावर, ड्युटीवर, फोनवर, सगळ्यांना ऑन. पावसात, उन्हात, सावलीत, सगळ्यांना इन. इंग्रजीतून म्हणतो तिथेही इन. याच युनिटमध्ये वेग आणि तापमान यांना ॲट लागतं हे आहे, आणि कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्याला ते लगेच लागू पडतं. आपण ‘१८० अंशाला’ म्हणतो, त्या ‘ला’च्या जागी ॲट.

‘ला’वर मात्र मी वहीची चार पानं खर्च केली आणि अजून पान पुरत नाही. पुण्याला गेलो : टू पुणे. पुण्याला राहतो : इन पुणे. दोन तारखेला : ऑन. आणि पुण्याला पोचलो? रीच्ड पुणे, मध्ये काहीच नाही. अराइव्ह लिहिलं तर अराइव्ह्ड इन पुणे. घरी गेलो, वेंट होम, पुन्हा काहीच नाही. माणसांचंही तसंच : त्याला सांगितलं, टोल्ड हिम. त्याला विचारलं, आस्क्ड हिम. पण त्याला समजावलं म्हटलं की एक्स्प्लेन्ड टू हिम. १२६ आणि १३२ ही दोन युनिट यासाठी आहेत. मला सगळ्यात जास्त कोरी जागा जड गेली. जिथे आपल्या भाषेत ‘ला’ किंवा ‘बद्दल’ आहे तिथे इंग्रजीत काहीच नसतं, हे हाताला पटतच नाही. ‘याबद्दल चर्चा करू’ म्हणून डिस्कस अबाउट लिहिलं जातं. डिस्कसमध्येच ते ‘बद्दल’ आहे, वेगळं लागत नाही, हे पुस्तकाने एका ओळीत सांगितलंय. ती ओळ मी लाल पेनने चौकटीत घेतली आहे, आणि पूर्ण पुस्तकात लाल पेन तेवढ्या एकाच ठिकाणी आहे.

१३२ मध्येच एक जोडी आहे, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. थ्रो टू आणि थ्रो ॲट. चेंडू झेलण्यासाठी टाकला तर टू, लागावा म्हणून मारला तर ॲट. शाउटचंही तसंच : दूरवरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडलं तर टू, रागाने ओरडलं तर ॲट. आता मराठी बघा. त्याच्याकडे चेंडू फेकला, त्याच्यावर दगड फेकला. त्याला हाक मारली, त्याच्यावर ओरडला. भेद आपल्याकडे आहेच! ‘वर’ आलं की त्यात हल्ला आला, आणि इंग्रजीत त्या हल्ल्याला ॲट म्हणतात. पण यावरून सूत्र बनवायला गेलात तर पुढचंच वाक्य ते मोडतं. ‘त्याच्यावर रागावला’ याला अँग्री विथ हिम किंवा अँग्री ॲट हिम, दोन्ही चालतं. ऑन कधीच नाही. आमच्या ऑफिसात ‘साहेब इज अँग्री ऑन मी’ हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि ते का येतं हे आता मला समजतं.

कामाच्या माणसाला पैसे वसूल करून देणारं युनिट मात्र १२९. नामामागे येणारे प्रेपोझिशन. मी दिवसातून दहा वेळा जे लिहितो ते सगळं यात आहे. रीझन फॉर, पण कॉज ऑफ. दोन्ही म्हणजे कारणच! उशिराचं कारण लिहायचं असेल तर रीझन फॉर द डिले, रिजेक्शनचं मूळ कारण लिहायचं असेल तर कॉज ऑफ द रिजेक्शन. मालाचं नुकसान : डॅमेज टू. मागणी : डिमांड फॉर. तुमच्या मेलला उत्तर : रिप्लाय टू. या सगळ्या ठिकाणी मराठीत ‘चा-ची-चे’ येतं, म्हणून आपण डोळे झाकून ऑफ लावतो. डॅमेज ऑफ मटेरियल मी निदान शंभर डेबिट नोटांवर लिहिलं असेल. एकच सरळ जुळतं : दरात वाढ, इन्क्रीज इन रेट. त-ला इन. या युनिटच्या उजव्या पानावरचा सराव मी तीन वेळा केला, तिसऱ्यांदा सगळा बरोबर आला, आणि त्यातली आठ नामं एका कार्डावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवली. अजून तिथेच आहेत.

आता जे पटलं नाही ते.

पहिली गोष्ट म्हणजे ओव्हर आणि अबव्ह, अंडर आणि बिलो, बिट्वीन आणि अमंग, अक्रॉस आणि थ्रू. यांना या निळ्या पुस्तकात वेगळं युनिट नाही. आपल्याकडे ‘वर’, ‘खाली’, ‘मध्ये’ हे प्रत्येकी एकच, त्यामुळे याची गरज आपल्याला खूप आहे. लेखकाचं याच मालिकेतलं सुरुवातीच्या विद्यार्थ्यांसाठीचं लाल पुस्तक आहे, त्यात वस्तूंच्या जागांची चित्रं जास्त आहेत. ते मी मुलीसाठी नंतर घेतलं आणि माझंही काम झालं. पण दोन पुस्तकं घ्यावी लागली हे खरं.

दुसरी म्हणजे विदिन. व्यवहारात याच्याइतका कामाचा शब्द नाही. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांच्या बिलाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. मराठीत आपण बोलताना ‘४५ दिवसांत’ असं म्हणून जातो आणि मग इंग्रजीत ‘इन फोर्टी-फाइव्ह डेज’ लिहितो. पुस्तकातच १२१ व्या युनिटमध्ये आहे की पुढच्या काळाबद्दल बोलताना इन म्हणजे इतका वेळ गेल्यावर. म्हणजे ‘इन फोर्टी-फाइव्ह डेज’ याचा अर्थ पैसे ४५ व्या दिवशी द्यायचे असाही गिऱ्हाईक घेऊ शकतं. ‘च्या आत’ म्हणायचं असेल तर विदिन लिहा. हे मला पुस्तकाने अर्धंच सांगितलं, बाकीचं मी शब्दकोशात बघून पूर्ण केलं. इतक्या मोठ्या पुस्तकात या शब्दाला दोन ओळी तरी हव्या होत्या.

तिसरी तक्रार १३० ते १३६ बद्दल. विशेषणामागे काय, क्रियापदामागे काय, याच्या याद्या. अफ्रेड ऑफ, गुड ॲट, मॅरिड टू, डिपेंड ऑन, प्रिफर टू. इथे पुस्तक कारण देत नाही, ‘असं म्हणतात’ एवढंच सांगतं. कदाचित कारण नसेलच. तरी सलग सात युनिट याद्या वाचताना मन उडतं. माझं उडालं, तीन आठवडे पुस्तक बंद होतं. मग मी पद्धत बदलली. यादी वरून खाली वाचायची सोडली आणि प्रत्येक जोडी मराठीतून बोलून बघितली. ‘तिच्याशी लग्न झालं’, म्हणून आपण मॅरिड विथ म्हणतो, बरोबर आहे मॅरिड टू. ‘गणितात हुशार’, म्हणून गुड इन म्हणतो, बरोबर आहे गुड ॲट. ‘चहापेक्षा कॉफी आवडते’, म्हणून प्रिफर दॅन, बरोबर प्रिफर टू. ‘तुमच्यावर अवलंबून’, डिपेंड ऑन, हे जुळतं, पुढे चला. जे जुळतं ते सोडून द्यायचं आणि जे जुळत नाही तेवढंच वहीत घ्यायचं. असं केल्यावर यादी एक तृतीयांशावर आली आणि सात युनिट तीन आठवड्यांत संपली.

एक बारीक सूचना. पुस्तक ब्रिटिश इंग्रजीचं आहे. वीकएंडला ॲट लावतं, अमेरिकन माणूस ऑन म्हणतो. मागे एका परिशिष्टात असे फरक दिलेत. तुमचं गिऱ्हाईक अमेरिकेतलं असेल तर ते पान आधी बघून घ्या. १३७ ते १४५ फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे बारका शब्द जोडून होणाऱ्या क्रियापदांची आहेत. ती मी अजून केलेली नाहीत, पावसाळ्यात करीन.

कोणी घ्यावं? ज्याला इंग्रजी वाचता येतं, साधं वाक्य लिहिता येतं, आणि लिहिलेलं बरोबर आहे की नाही याची धाकधूक आहे, त्याने. डाव्या पानावरचं समजावणं सगळं इंग्रजीतच आहे, सोप्या इंग्रजीत, पण इंग्रजीतच. अगदी पहिल्यापासून सुरुवात असेल तर आधी लाल घ्या. आणि काहीही घेतलं तरी शेजारी वही ठेवा, कारण मराठीचा अर्धा भाग कुठल्याच केंब्रिजच्या पुस्तकात छापलेला नाही, तो आपल्यालाच लिहावा लागतो. पाच पैकी मी चार देईन. विदिन आणि बिट्वीन असते तर पाच दिले असते.

मागच्या महिन्यात त्याच फाउंड्रीला पुन्हा ऑर्डर गेली. ‘वी नीड द कास्टिंग्ज ॲट अवर गेट बाय द ट्वेल्फ्थ.’ पाठवायच्या आधी मी ‘च्या आत’ घालून वाक्य एकदा मनात वाचलं. माल ११ तारखेला दुपारी आला. चलनावर सही करताना गेटवरून फोन आला तो स्टोअरमधल्या नव्या पोराचा, विचारत होता की रजिस्टरमध्ये ‘रिसीव्ह्ड इन गेट’ लिहू की ‘ऑन गेट’. त्याला म्हटलं, संध्याकाळी जाताना माझ्या टेबलावरून निळं पुस्तक घेऊन जा, १२३ वं युनिट उघड. सराव पेन्सिलने कर, म्हणजे खोडून पुढच्याला देता येईल.